एका फटक्याचा हिशेब

2008 सालच्या नोव्हेंबर महिन्यातील एक रात्र. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील हॉटेलच्या खोलीत जे. पी. हेज हे त्रेचाळीस वर्षांचे व्यावसायिक गोल्फपटू दिवसभराच्या खेळानंतर विश्रांती घेत होते. स्पर्धेच्या दोन फेऱ्या पार पडल्या होत्या. पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळेल, अशी त्यांची स्थिती होती. तेवढ्यात त्यांच्या मनात एक शंका डोकावली.

शंका होती पहिल्या दिवशीच्या एका चेंडूविषयी. बाराव्या होलवर त्यांच्या कॅडीने, म्हणजे खेळाचे साहित्य वाहणाऱ्या साहाय्यकाने, पिशवीतून काढून दिलेला चेंडू त्यांनी खेळला. ग्रीनवर पोहोचून चेंडू उचलताना तो सुरुवातीला घेतलेल्या प्रकारचा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. एका फेरीत एकाच प्रकारचा चेंडू वापरावा, असा व्यावसायिक स्पर्धांचा नियम आहे. हेज यांनी स्वतःच पंचांना बोलावून चूक सांगितली आणि दोन फटक्यांचा दंड आपल्या नावे लिहून घेतला. प्रकरण तेथे मिटले होते. त्या रात्री मात्र त्यांना आठवले की, सुमारे महिनाभरापूर्वी एका कंपनीने काही नवे चेंडू चाचणीसाठी पाठविले होते. ते अद्याप मान्यताप्राप्त यादीत नव्हते. पिशवीतून निघालेला चेंडू त्यांपैकीच एक असावा.

तसे असेल तर शिक्षा दोन फटक्यांची नव्हती. थेट स्पर्धेतून बाद होण्याची होती. ही गोष्ट दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. पंचांना नव्हती, सहखेळाडूंना नव्हती, वार्ताहरांनाही नव्हती. ठाऊक होती ती फक्त हेज यांना.

त्यांनी दूरध्वनी उचलून पंचांना कळविले.

या एका दूरध्वनीचे मोल कळायचे असेल, तर ती स्पर्धा कोणती होती आणि तीत काय पणाला लागले होते, हे जाणून घ्यावे लागेल.

परीक्षेचे नाव शाळा

गोल्फच्या जगात या स्पर्धेला ‘क्वालिफाइंग स्कूल’ म्हणतात. खेळाडूंच्या बोलीत ‘क्यू-स्कूल’. नाव शाळेचे असले तरी येथे शिकविले काहीच जात नाही, केवळ परीक्षा घेतली जाते. अमेरिकेतील ‘पीजीए टूर’ ही व्यावसायिक गोल्फमधील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धामालिका. वर्षभर आठवड्याआठवड्याला वेगवेगळ्या गावी तिच्या स्पर्धा भरतात. तीत नियमितपणे खेळण्यासाठी टूरचे सदस्यत्व, म्हणजे ‘कार्ड’ लागते. ते मिळविण्याची परीक्षा 1965 साली फ्लोरिडा राज्यात प्रथम घेण्यात आली. त्या वेळी अवघे 49 खेळाडू होते आणि त्यांतील 17 जणांना कार्ड मिळाले. पुढे उमेदवार वाढत गेले, तशा परीक्षेच्या पायऱ्याही वाढल्या. पूर्वपात्रता, पहिला टप्पा, दुसरा टप्पा आणि अंतिम टप्पा अशी ती उतरंड झाली. प्रत्येक पायरीवर बहुसंख्य खेळाडू गळतात आणि थोडे पुढे सरकतात.

गोल्फचे गणित बाहेरून पाहणाऱ्याला उलटे वाटते. येथे कमी गुण मिळविणारा जिंकतो. मैदानात अठरा होल असतात आणि प्रत्येक होलपर्यंत चेंडू किती फटक्यांत पोहोचावा, याचे प्रमाण ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ती ‘बर्डी’. अठरा होलची एक फेरी. अनेक वर्षे अंतिम टप्पा सहा फेऱ्यांचा, म्हणजे 108 होलचा असे. सहा दिवस, चारशेहून अधिक फटके, आणि अखेरीस पहिल्या पंचवीसच्या आसपास खेळाडूंना कार्ड. सव्विसाव्या आणि पंचविसाव्या खेळाडूत अंतर पुष्कळदा एका फटक्याचेच असे. एकाचे पुढचे वर्ष मोठ्या मालिकेत जाई, तर दुसरा पुन्हा लहान स्पर्धांच्या धुळीच्या वाटेला लागे.

2013 पासून काही वर्षे या परीक्षेतून थेट मोठ्या मालिकेत जाण्याची वाट बंद झाली. उत्तीर्ण खेळाडूंना एक पायरी खालच्या मालिकेत स्थान मिळे आणि तेथे वर्षभर चमक दाखविली तरच पुढचे दार उघडे. 2023 मध्ये थेट वाट पुन्हा खुली झाली, पण ती फारच अरुंद होती. अंतिम टप्प्यातील पहिले पाच आणि पाचव्या स्थानाशी बरोबरी करणारे, एवढ्यांनाच कार्ड. 2025 पासून बरोबरीची सवलतही संपली. पाच म्हणजे पाचच. बरोबरी झाल्यास जादा होल खेळवून निकाल लावायचा. युरोपातील मालिकेची अशीच परीक्षा 1976 पासून घेतली जाते आणि तिचा अंतिम टप्पा आजही सहा फेऱ्यांचा आहे.

भांडवल आणि जोखीम

व्यापारी घरातील वाचकाला या परीक्षेची आर्थिक बाजू चटकन उमगेल. व्यावसायिक गोल्फपटूला कोणी पगार देत नाही. तो स्वतःच मालक, स्वतःच कारागीर. क्यू-स्कूलचे प्रवेशशुल्कच काही हजार डॉलरच्या घरात जाते. त्याशिवाय प्रवास, मुक्काम, कॅडीचा मेहनताना आणि प्रशिक्षकाचा खर्च. बरेच तरुण खेळाडू स्नेही व परिचितांकडून भांडवल उभे करतात आणि पुढे होणाऱ्या कमाईतून त्यांना वाटा देण्याचे ठरवितात. उमेदवार पहिल्याच टप्प्यात गळाला, तर गुंतविलेले सारे त्या चार दिवसांत बुडते.

बरे, कार्ड मिळाले म्हणजे उत्पन्न सुरू झाले, असेही नाही. मालिकेतील बहुतेक स्पर्धांत दोन फेऱ्यांनंतर निम्म्याच्या आसपास खेळाडू बाद होतात आणि त्यांच्या हाती सामान्यतः बक्षिसाचा एक डॉलरही पडत नाही. खर्च मात्र पूर्ण होतो. कार्ड म्हणजे मोक्याच्या बाजारपेठेत मिळालेला गाळा. गिऱ्हाईक यायचे ते त्यानंतर, आणि वर्षअखेरीस विक्री ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली नाही तर गाळाही हातचा जातो. हेज यांचे तेच झाले होते. 1998 आणि 2002 साली मोठ्या मालिकेतील दोन स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू 2008 च्या कमाईच्या क्रमवारीत मागे पडला आणि नवशिक्या तरुणांच्या रांगेत पुन्हा परीक्षेला बसला.

ही रांग किती लांब असू शकते, याचे उदाहरण म्हणजे मॅक ओ’ग्रेडी. कार्ड मिळविण्यासाठी ते पुन:पुन्हा बसले आणि पुन:पुन्हा नापास झाले. 1982 साली ते अखेर उत्तीर्ण झाले, तो त्यांचा सतरावा प्रयत्न होता. त्यानंतर 1986 आणि 1987 साली त्यांनी मोठ्या मालिकेत एकेक स्पर्धा जिंकली. सोळा वेळा नकार ऐकलेल्या माणसाच्या अंगी विजेतेपदाचे गुण होते, हे त्या सोळा निकालांवरून कोणाला कळले असते?

भांड्यातून उसळलेला चेंडू

एका फटक्याने संधी हुकल्याच्या कथा या परीक्षेत दरवर्षी घडतात. त्यांतील दोन कथा गोल्फच्या जगात विशेष सांगितल्या जातात.

पहिली जो डेली यांची. 2000 साली कॅलिफोर्नियात अंतिम टप्पा चालू होता. चौथ्या फेरीत सतराव्या होलवर डेली यांचा खेळ बिघडला होता. तरीही सुमारे चार फुटांचा शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, त्यांनी नेमका मारला. चेंडू होलमध्ये पडला आणि आतल्या भांड्याच्या कडेवर आपटून पुन्हा बाहेर उसळला. नियमानुसार चेंडू आत स्थिरावला तरच होल पूर्ण होतो, म्हणून त्यांना आणखी एक फटका मारावा लागला. दोन दिवसांनी अंतिम यादी लागली, तेव्हा डेली यांचे कार्ड हुकले होते ते एका फटक्याने.

यात त्यांची चूक कोणती होती? फटका योग्य होता, दिशा योग्य होती, वेग योग्य होता. फळ मात्र हाती आले नाही. डेली यांनी खेळ सोडला नाही. 2012 साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी ज्येष्ठांसाठी असलेली ‘सीनियर प्लेअर्स चॅम्पियनशिप’ ही मानाची स्पर्धा जिंकली. मधल्या बारा वर्षांत तो उसळलेला चेंडू त्यांना कितीदा आठवला असेल, याची कल्पनाच करावी.

सहीची किंमत

दुसरी कथा त्याहून बोचरी आहे आणि ती मैदानावर घडलीच नाही; ती घडली टेबलावर, कागदापुढे.

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूचे फटके त्याचा सहखेळाडू कार्डावर लिहितो. फेरी संपल्यावर खेळाडूने आपले कार्ड होलनिहाय तपासून त्यावर सही करायची. सही झाली, कार्ड स्वीकारले गेले, की तो आकडा अंतिम. प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू बाद होतो. चुकून जास्त आकड्यावर केली, तर तो जास्त आकडाच कायम राहतो.

1999 साली फ्लोरिडात अंतिम टप्प्याच्या सहाव्या दिवशी जॅक्सन ब्रिगमन या तरुण खेळाडूने आयुष्यातील एक अप्रतिम फेरी खेळली. 65 फटके! कार्डासाठी जेवढे आवश्यक होते, नेमके तेवढेच. तेराव्या होलवर त्यांनी बर्डी, म्हणजे तीन फटके घेतले होते. कार्डावर मात्र तेथे चार लिहिले गेले. सहा दिवसांचा ताण उतरलेला, मन आनंदाने भरलेले. त्या भरात ब्रिगमन यांनी सही करून कार्ड सुपूर्द केले. चूक लक्षात आली ती त्यानंतर. 65 चे 66 झाले होते. कार्ड एका फटक्याने हुकले, आणि तो फटका त्यांनी मारलेलाच नव्हता.

जुन्या पेढ्यांवर दिवसाची रोजकीर्द संध्याकाळी मिळवल्याशिवाय दिवाणजी उठत नसत. एका पैशाचा फरक असला तरी समईच्या उजेडात पुन्हा बेरीज होई. नव्या पिढीला त्यात चिकटपणा दिसे. ब्रिगमन यांची हकीकत वाचली म्हणजे त्या चिकटपणामागचे शहाणपण कळते. केलेले काम आणि त्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जग नोंद पाहते, आणि नोंदीखाली सही आपली असते. लिहिणारा दुसरा होता, ही सबब तेथे चालत नाही.

दूरध्वनीनंतर

आता पुन्हा हेज यांच्याकडे वळू या. त्यांचा चेंडू यादीत नसल्याचे निष्पन्न झाले आणि ते स्पर्धेतून बाद झाले. पुढील वर्षाचे पूर्ण कार्ड मिळविण्याची वाट तेथेच संपली. माजी विजेता म्हणून मिळतील तेवढ्या मर्यादित संधींवर त्यांना भागवावे लागणार होते. चेंडू पिशवीतून काढून देणारा कॅडी असला, तरी त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. सर्वत्र कौतुक होऊ लागले, तेव्हा आपल्या जागी दुसरा कोणताही व्यावसायिक खेळाडू असता तरी त्याने हेच केले असते, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. इतर बहुतेक खेळांत नियम मोडला की नाही हे पंच ठरवितो, आणि पंचाच्या नजरेतून सुटले ते पचले असे मानण्याची रीत पडली आहे. गोल्फचे मैदान शे-दीडशे एकरांवर पसरलेले असते. प्रत्येक खेळाडूमागे पंच ठेवणे अशक्यच. म्हणून या खेळाने आरंभापासून एक वेगळी व्यवस्था स्वीकारली. आपली चूक आपण सांगायची. गवतात चेंडू किंचित हलला आणि ते फक्त खेळाडूने पाहिले, तरी दंड त्यानेच जाहीर करायचा. ही व्यवस्था विश्वासावर उभी आहे. बाजारात तोंडी शब्दावर माल जातो, दलाल चिठ्ठीवर व्यवहार करतो, तेव्हा त्यामागेही असाच विश्वास असतो. एकाने तो मोडला, तर नुकसान त्या एका सौद्यापुरते राहत नाही. सगळ्या पेठेचा शब्द हलका होतो.

मोठ्या स्पर्धेत दूरचित्रवाणीचे कॅमेरे खेळाडूच्या प्रत्येक हालचालीवर रोखलेले असतात. परीक्षेच्या खालच्या टप्प्यांत मात्र प्रेक्षक विरळा. सर्वांत अधिक गरज असलेला माणूस तेथे सर्वांत कमी नजरांसमोर खेळतो. प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागावी, तर ती अशाच ठिकाणी.

भारतीयांची वाटचाल

भारतात गोल्फ जुनाच आहे. कोलकात्यातील क्लब 1829 सालचा, मुंबईतील 1842 सालचा. परंतु या खेळातून व्यवसाय करावा, हा विचार फार उशिरा रुजला. तो रुजविण्यात कॅडी म्हणून काम केलेल्या मुलांचा मोठा वाटा आहे. दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहणाऱ्या अली शेर यांनी 1991 साली ‘इंडियन ओपन’ जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. आज भारतातील व्यावसायिकांची मालिका 2006 साली स्थापन झालेली ‘पीजीटीआय’ चालविते. तिचीही स्वतःची क्यू-स्कूल आहे. पूर्वपात्रतेच्या फेऱ्या आणि मग अंतिम टप्पा. क्लबच्या सभासदांची मुले आणि कॅडींची मुले तेथे एकाच रांगेत उभी राहतात, आणि कार्डावरचा आकडा कोणाचे घराणे विचारीत नाही.

परदेशी परीक्षेची वाट प्रथम चोखाळली ती जीव मिल्खा सिंग यांनी. धावपटू मिल्खा सिंग यांचे हे पुत्र 1997 सालची परीक्षा उत्तीर्ण होऊन युरोपीय मालिकेचे पहिले भारतीय सदस्य झाले. 2003 च्या अखेरीस अर्जुन अटवाल यांनी अमेरिकेची परीक्षा पार केली आणि पीजीए टूरवर नियमित खेळणारे पहिले भारतीय ठरले. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरी यांच्या वेळी अमेरिकेची थेट वाट बंद होती. त्यांनी 2015 साली दुय्यम मालिकेच्या अखेरच्या स्पर्धांमधून आपले कार्ड मिळविले.

अटवाल यांची कथा येथे थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. दुखापतींमुळे त्यांचा खेळ खंडित झाला आणि 2010 च्या जुलैमध्ये त्यांचे कार्ड गेले. पुन्हा शून्यावर. अमेरिकेत बऱ्याच स्पर्धांच्या आधी सोमवारी एक खुली पात्रता फेरी होते. मोजक्या जागा, साधारण चार. त्यासाठी झगडणारे पुष्कळ. ऑगस्टमध्ये उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे ‘विंडहॅम चॅम्पियनशिप’ भरणार होती. अटवाल त्या सोमवारच्या रांगेत उभे राहिले आणि पात्र ठरले. गुरुवारी पहिल्या फेरीत त्यांनी 61 फटक्यांचा खेळ केला. रविवारी अखेरच्या होलवर सुमारे सात फुटांचा पट शिल्लक होता. तो आत गेला आणि ते एका फटक्याने विजयी झाले. पीजीए टूरवरील स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. सोमवारच्या पात्रता फेरीतून येऊन कोणी विजेता व्हावे, असे त्यापूर्वी 1986 साली घडले होते, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी. गेलेले कार्ड त्या विजयाने आपोआप परत आले.

बेंगळुरूच्या अदिती अशोक हिने 2015 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मोरोक्कोत झालेली युरोपीय महिला मालिकेची परीक्षा नुसती उत्तीर्ण केली नाही, तर तीत पहिला क्रमांक मिळविला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील महिला मालिकेच्या परीक्षेत मात्र पूर्ण कार्ड थोडक्यात हुकले. हाती आले ते सशर्त कार्ड. जेव्हा जागा मिळेल तेव्हा खेळायचे, असा त्याचा अर्थ. त्या अर्ध्या उघडलेल्या दारातून आत जाऊन तिने 2017 पासून तेथे पाय रोवले. टोकियो ऑलिंपिकमध्ये आई तिची कॅडी होती. चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहून अदिती चौथी आली. कांस्यपदक हुकले ते एका फटक्याने. पदक नसतानाही त्या सकाळी भारतात कितीतरी घरांत, गोल्फची काठी कधी हातात न धरलेली माणसे दूरचित्रवाणीपुढे बसून होती.

कार्डावर न लिहिलेले

या साऱ्या हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे एक गोष्ट दिसते. डेली यांचा फटका दैवाने हिरावला, ब्रिगमन यांचा नोंदीतल्या हलगर्जीपणाने, आणि हेज यांनी आपली संधी आपल्या हाताने परत केली. निकालपत्रावर तिघेही सारखेच: अनुत्तीर्ण. परंतु तिघांच्या अपयशाचा पोत निराळा आहे. दैवापुढे माणसाचा इलाज नसतो; तेथे पुन्हा उभे राहणे एवढेच हाती असते. हलगर्जीपणा शिकून टाळता येतो. हेज यांच्या वाट्याला आलेले अपयश मात्र टाळणे अगदी सोपे होते. केवळ गप्प बसायचे होते. त्यांनी ते टाळले नाही.

सध्या अनेक घरांतील मुले कुठल्या ना कुठल्या प्रवेशपरीक्षेच्या उंबरठ्यावर उभी असतात. एका गुणाने जागा जाते, वर्ष जाते आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. अशा वेळी सतरा वेळा परीक्षेला बसलेले ओ’ग्रेडी, सोमवारच्या रांगेतून विजेते झालेले अटवाल आणि सशर्त कार्डावर उभी राहिलेली अदिती यांची आठवण मुलांना जरूर द्यावी. आणि धीर देऊन झाला, की ह्यूस्टनच्या त्या खोलीतील दूरध्वनीची गोष्टही सांगावी.